जुन्या खेळण्यांची प्रतवारी

खेळणे हे खेळण्यासाठी असते, आणि ज्या खेळण्याशी मूल मनसोक्त खेळले ते वर्षा-दोन वर्षांत मोडते, झिजते किंवा हरवते, हा घरोघरचा अनुभव आहे. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे असोत, चन्नपट्टणची लाखेची घोडी असोत की कोंडपल्लीच्या बाहुल्या असोत, लहान हातांत झिजण्यातच त्यांचे सार्थक आहे असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. अमेरिकेत मात्र गेल्या काही दशकांत असा एक बाजार उभा राहिला आहे, की जेथे याच्या नेमका उलटा न्याय चालतो. तेथे सर्वांत अधिक किंमत येते ती कोणत्याही मुलाने कधीही न हाताळलेल्या खेळण्याला. दुकानातून ज्या पुठ्ठ्यावर ते आले त्या पुठ्ठ्यावरच, ज्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या फुगवट्यात ते बसविले होते त्या फुगवट्यातच, चाळीस-पंचेचाळीस वर्षे अस्पर्श राहिलेले खेळणे हे तेथील संग्राहकाचे ईप्सित. आंतरजालावरील लिलावांमुळे आता पुण्यात, बडोद्यात किंवा इंदुरात बसलेल्या माणसालाही असा नग मागविता येतो. तेव्हा या बाजारात पहिले पाऊल टाकणाऱ्याने काय पाहावे, कोणावर विश्वास ठेवावा आणि किती ठेवावा, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा झाला आहे.

या खेळण्यांना ‘ॲक्शन फिगर’ असे म्हणतात. हा शब्द १९६४ साली हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने रूढ केला. तिने ‘जी. आय. जो’ नावाचा सैनिक बाजारात आणला. तो सुमारे तीस सेंटिमीटर उंचीचा होता, त्याचे हातपाय सांध्यांत वळत, त्याला कपडे चढविता येत. म्हणजे वास्तविक ती बाहुलीच होती. परंतु मुलगे बाहुली घेणार नाहीत, ही व्यापाऱ्यांची धास्ती. म्हणून हे नवे, मर्दानी वाटणारे नाव योजण्यात आले आणि ते टिकले.

परंतु आजच्या संग्राहकांच्या जगाला आकार आला तो तेरा वर्षांनंतर. २५ मे १९७७ रोजी जॉर्ज ल्यूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याच्या यशाने सर्वांचेच अंदाज चुकविले. त्याची खेळणी करण्याचे हक्क ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथील केनर या कंपनीने घेतले होते. पोलादी साचे घडविणे, नमुने संमत करून घेणे, प्लॅस्टिक ओतणे, रंगविणे, या साऱ्यास कित्येक महिने लागतात. आणि नाताळ तर तोंडावर आलेला. खेळणी तयार होणे शक्य नव्हते. तेव्हा केनरने एक विलक्षण गोष्ट केली. तिने पुठ्ठ्याचे एक मोठे पाकीट विकावयास काढले. त्यात मांडणीसाठी एक चित्रमय पुठ्ठा होता, काही चिकटचित्रे होती आणि एक प्रमाणपत्र होते. खेळणे मात्र त्यात एकही नव्हते. ते प्रमाणपत्र टपालाने कंपनीकडे पाठविले म्हणजे ल्यूक, लेया, च्यूबाका आणि आर्टू-डीटू ही चार पात्रे नव्या वर्षात घरी येतील, असे वचन त्या कागदावर दिलेले होते. रिकामे पाकीट विकणाऱ्या या कंपनीची चेष्टा झाली. पण लोकांनी ते घेतले, आणि १९७८ च्या प्रारंभी कंपनीने आपले वचन पाळले.

त्या वर्षी बारा पात्रांची पहिली मालिका दुकानांत आली. प्रत्येक मूर्ती साधारण साडेनऊ सेंटिमीटरची. आकार लहान ठेवल्याने चित्रपटातील विमाने आणि वाहने त्याच मापात करता आली, आणि दोन-अडीच डॉलरांना मिळणारी मूर्ती मुलाच्या खाऊच्या पैशांच्या आवाक्यात आली. १९८५ पर्यंत अशा कोट्यवधी मूर्ती विकल्या गेल्या. मग आज त्या पुठ्ठ्यासह दुर्मिळ का? कारण साधे आहे. मुलाने दुकानातून घरी येताच, किंबहुना वाटेतच, फुगवटा फाडला आणि पुठ्ठा केराच्या टोपलीत गेला. ज्यांनी पुठ्ठा जपला त्यांच्याकडूनही त्याला कात्री लागली. कारण त्यावर छापलेली खरेदीची खूण कापून पाठविल्यास कंपनी एखादी मूर्ती विनामूल्य धाडीत असे. जे नग वाचले ते बहुधा दुकानांच्या कोठारात विसरले गेलेले, किंवा एखाद्या दूरदर्शी माणसाने मुद्दाम बाजूला ठेवलेले.

नवशिक्याने प्रथम शिकावयाची गोष्ट म्हणजे पुठ्ठ्याची पाठ वाचणे. केनर कंपनी पाठीमागे त्या वेळी उपलब्ध असलेल्या सर्व मूर्तींची चित्रे छापीत असे. आरंभी ती १२ होती. पुढे २० आणि २१ झाली. १९८० च्या दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी तिशी-चाळिशीत गेली. १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटाच्या सुमारास ६५, ७७, ७९ झाली. आणि १९८५ च्या अखेरच्या मालिकेत ९२ वर पोहोचली. म्हणून संग्राहक ‘बारा पाठीचा’ किंवा ‘सत्याहत्तर पाठीचा’ नग अशी भाषा बोलतात. डार्थ व्हेडरची तीच मूर्ती बारा पाठीच्या पुठ्ठ्यावर असली तर तिची किंमत एक, आणि सत्याहत्तर पाठीच्या पुठ्ठ्यावर असली तर पुष्कळच कमी. युरोपात विकल्या गेलेल्या, तीन भाषांतील बोधचिन्हे छापलेल्या पुठ्ठ्यांचा हिशेब पुन्हा निराळा. मूर्ती तीच, परंतु पुठ्ठा तिची जन्मतिथी आणि जन्मस्थान सांगतो. आणि बाजार मोल देतो ते या जन्मपत्रिकेला.

जेथे एवढ्याशा भेदाने किंमत दसपट होते तेथे लबाडी आल्यावाचून राहत नाही. ‘जावा’ नावाच्या ठेंगण्या पात्राचे उदाहरण सर्वश्रुत आहे. त्याला आरंभी प्लॅस्टिकचा झगा होता. तो दिसावयास हलका वाटला म्हणून कंपनीने लवकरच कापडाचा झगा दिला. त्यामुळे प्लॅस्टिकच्या झग्याचे जावा थोडे निघाले आणि आज ते अतिशय महाग आहेत. यावर भामट्यांनी काढलेली युक्ती अशी : दुसऱ्या, स्वस्त पात्राचा प्लॅस्टिकचा झगा कापून बेतावयाचा आणि कापडी झग्याच्या जावाला तो चढवावयाचा. याहून गंभीर प्रकार म्हणजे जुन्या, खऱ्या पुठ्ठ्यावर खरी पण सुटी मूर्ती ठेवून वर नवा फुगवटा चिकटविणे. अशा नगात पुठ्ठा खरा असतो आणि मूर्तीही खरी असते. खोटा असतो तो त्या दोहोंचा अखंड संबंध, आणि सारी किंमत तर त्या संबंधाचीच असते.

विकणारा ओहायोत आणि घेणारा शेकडो मैलांवर, मध्ये केवळ एक छायाचित्र, अशी स्थिती असता उभयतांना मान्य असा तिसरा साक्षीदार लागतो. ही कल्पना खेळण्यांच्या संग्राहकांनी नाण्यांच्या संग्राहकांकडून घेतली. विल्यम शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ साली जुन्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचविली. पुढे १९८६ आणि १९८७ साली स्थापन झालेल्या दोन संस्थांनी, स्वतः नाणी न विकता केवळ त्यांची पारख करावयाची, अंक द्यावयाचा आणि नाणे प्लॅस्टिकच्या पट्टीत मोहरबंद करावयाचे, अशी व्यावसायिक पद्धत पाडली. हीच पद्धत क्रीडापटूंच्या पत्त्यांना आणि चित्रकथांच्या पुस्तकांना लागू झाली, आणि अखेर खेळण्यांपर्यंत आली. खेळण्यांच्या क्षेत्रात ‘ॲक्शन फिगर अथॉरिटी’ म्हणजे ए. एफ. ए. ही अमेरिकन संस्था सर्वांत परिचित आहे. अमेरिकेतच सी. ए. एस. आणि ब्रिटनमध्ये यू. के. जी. या संस्थाही हे काम करतात. प्रत्येकीची मोजपट्टी आणि काटेकोरपणा आपापला असतो. म्हणून एका संस्थेचे ८५ आणि दुसरीचे ८५ यांना बाजार समान मानीलच असे नाही.

या प्रतवारीचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मालक आपला नग शुल्क भरून संस्थेकडे पाठवितो. तेथील पारखी तो खरा आहे की नाही हे प्रथम पाहतात. मग पुठ्ठा, फुगवटा आणि मूर्ती या तिन्ही अंगांना पृथक् अंक दिले जातात आणि त्यांवरून एक एकूण अंक ठरतो. ए. एफ. ए. ची मोजपट्टी १०० पर्यंत जाते आणि तिच्या वरच्या भागात पाच-पाच अंकांच्या पायऱ्या आहेत. ९० आणि त्यापुढील नगांना सोनेरी, ७५ ते ८५ च्या नगांना रुपेरी आणि त्याखालील नगांना कांस्य रंगाचे लेबल मिळते. नंतर तो नग पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीत मोहरबंद होतो. लेबलावर पात्राचे नाव, मालिका, अंक आणि त्या नगाचा स्वतंत्र क्रमांक असतो. पेटी उघडली की ती साक्ष संपली.

आता या साक्षीचे वजन किती? भारतीय ग्राहकाला ओळखीची तुलना सोन्याच्या हॉलमार्कची. दागिन्यावर ९१६ हा आकडा असला म्हणजे त्यात हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने आहे, असा त्याचा अर्थ. जून २०२१ पासून देशाच्या अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि प्रत्येक दागिन्याला सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळख देण्यात येऊ लागली. खेळण्याच्या पेटीवरील क्रमांक आणि ही ओळख या दोहोंचा हेतू एकच आहे. परंतु दोहोंत एक मूलभूत अंतर आहे. सोन्याचा कस प्रयोगशाळेत पुन्हा लावून पाहता येतो, आणि दहा प्रयोगशाळांनी लावला तरी उत्तर एकच यावे लागते. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावरील घडी किती दोषास्पद मानावी, याला मात्र तराजू नाही. तेथे अनुभवी डोळ्यांचे मत हेच माप. तोच नग निराळ्या वेळी, निराळ्या पारख्यापुढे गेला तर एक पायरी वर किंवा खाली जाणे असंभवनीय नाही. म्हणून लेबलावरील अंक म्हणजे एका जाणकाराचे प्रामाणिक आणि उपयुक्त असे मत आहे, एवढेच नवशिक्याने मानावे. त्याहून कमीही मानू नये आणि अधिकही मानू नये.

अंक जे सांगत नाही त्याची यादी, तो जे सांगतो त्याहून मोठी आहे. तो नगाची स्थिती सांगतो. दुर्मिळता सांगत नाही. सामान्य पात्राचा ८५ अंकी नग थोड्या पैशांत मिळू शकतो आणि दुर्मिळ पात्राचा ६० अंकी नग त्याच्या कित्येक पट महाग असू शकतो. तो किंमत सांगत नाही, आणि पुढे किंमत वाढेल असे तर मुळीच सांगत नाही. शिवाय एकूण अंक ही तिन्ही अंगांची साधी सरासरी नसते. समजा, ८० अंकांचे दोन नग विक्रीस आहेत. एकात पुठ्ठा ८० चा आणि फुगवटा ८५ चा आहे. दुसऱ्यात हेच उलट आहे. एकूण अंक सारखा असला तरी वस्तू सारख्या नाहीत. पहिल्यात एखादी बारीक घडी चित्रावरून गेली असेल, दुसऱ्यात फुगवट्याला चेप आला असेल. भिंतीवरच्या फळीवर ठेवल्यावर त्यांतला कोणता डोळ्यांना खुपतो, हे ज्याने त्याने ठरवावयाचे. लेबलावरचा मोठा आकडा पाहून थांबणाऱ्याने पुस्तकाचे वेष्टण वाचून पुस्तक वाचल्यासारखे केले. तीन लहान आकडे वाचावेत, आणि मग ते बाजूला ठेवून नगाकडेच पाहावे.

फुगवट्याचा पिवळेपणा हे याचे उत्तम उदाहरण. त्या काळच्या वेष्टणांत वापरले जाणारे प्लॅस्टिक सगळे एकाच जातीचे नव्हते. पीव्हीसी या प्लॅस्टिकवर उष्णता आणि प्रकाश यांचा दीर्घकाळ परिणाम झाला म्हणजे त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि मागे उरणाऱ्या रेणूंची रचना अशी बदलते की ते पिवळसर दिसू लागतात. म्हणून काही नगांचे फुगवटे आजही काचेसारखे स्वच्छ आहेत, तर काहींना जुन्या वर्तमानपत्राची कळा आली आहे. ए. एफ. ए. अशा नगाच्या अंकापुढे ‘वाय’ हे अक्षर जोडते. नवशिका अंक पाहतो, अक्षर पाहत नाही. पेटी घरी आल्यावर त्याला कळते की आपण ज्या पात्राच्या ओढीने पैसे मोजले ते पात्र पिवळ्या पडद्याआड उभे आहे. यात संस्थेने फसविलेले नसते, विक्रेत्यानेही नसते. लेबलावर सारे लिहिलेले असते. वाचावयाचे राहून गेलेले असते. आणखी एक गोष्ट अशी की, पिवळेपणा हा रोगासारखा पुढे सरकणारा आहे. प्रतवारी ज्या दिवशी झाली त्या दिवसाची स्थिती लेबल सांगते. पेटी दहा वर्षे उन्हात राहिली असेल तर वस्तू बदललेली असते. लेबल मात्र तेच राहते.

लेबलावर विसंबण्यातला दुसरा धोका माणसांच्या चुकीचा आणि लबाडीचा. नवे फुगवटे चिकटविलेले नग प्रतवारीच्या पेट्यांतही सापडल्याची उदाहरणे संग्राहकांना ठाऊक आहेत. कसलेला पारखीही एखादे वेळी फसतो. आणि त्याची चूक उघडकीस येईपर्यंत पेटी दोन-तीन हातांतून गेलेली असते. काही वेळा पेटीच्या कडांशी खटपट केलेली असते. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ असे होऊ नये म्हणून काही साध्या गोष्टी पाहता येतात. लेबलावरील क्रमांक संस्थेकडे पडताळून घ्यावा. पेटीच्या सांध्यांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागवावीत. फुगवट्याची सपाट कड पुठ्ठ्याला सर्वत्र सारखी चिकटलेली आहे का, तिच्या बाहेर गोंद आलेला आहे का, हे न्याहाळावे. छपाई भिंगाखाली पाहिल्यास मूळ पुठ्ठ्यावर रंगांच्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. छायाप्रतीवरून पुन्हा छापलेल्या पुठ्ठ्यात ती जाळी विस्कटते. महागड्या नगाबाबत तर त्याच पात्राच्या निःसंशय खऱ्या नगाचे चित्र शेजारी ठेवूनच निर्णय करावा.

पहिली खरेदी कोणती असावी? या बाजारातील अनुभवाचे सार काढावयाचे तर तीन गोष्टी सांगता येतील. पहिली, पात्र आपल्या आवडीचे असावे. कारण भाव पडले तरी आवड उरते. दुसरी, आरंभ १९८३ च्या चित्रपटाच्या काळातील एखाद्या सामान्य पात्रापासून करावा. हे नग तुलनेने विपुल आहेत, त्यांच्या विक्रीच्या नोंदी पुष्कळ सापडतात आणि चूक झाली तर तिची शिक्षा सोसवण्याजोगी असते. तिसरी, ७५ किंवा ८० अंकांचा, पण स्वच्छ फुगवट्याचा नग घ्यावा. ८० वरून ८५ वर जाताना किंमत मोठी उडी घेते आणि ८५ वरून ९० वर जाताना त्याहूनही मोठी. पण फळीवर ठेवलेल्या त्या दोन नगांतला फरक चार पावलांवरून पाहणाऱ्याला बहुधा दिसतसुद्धा नाही. त्या शेवटच्या पायरीचे दाम वस्तूला पडत नाहीत, आकड्याला पडतात; आणि आकड्याला दाम देणे हा जाणत्यांचा खेळ आहे, नवशिक्याचा नव्हे.

किंमत ठरविताना विक्रेता काय मागतो ते पाहू नये. तशाच नगाला गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष किती पैसे मिळाले ते पाहावे. मागणाऱ्याच्या तोंडाला हात लावता येत नाही. एखादा नग मागितलेल्या किमतीला दोन वर्षे तसाच पडून असेल तर ती किंमत नव्हे, ती आशा आहे. तसेच वृत्तपत्रांतून गाजणाऱ्या विक्रमांनी हुरळून जाऊ नये. १९७९ साली केनरने बोबा फेट या पात्राची, पाठीवरून क्षेपणास्त्र उडविणारी मूर्ती जाहीर केली होती. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातील असेच क्षेपणास्त्र घशात अडकून एका बालकाचा मृत्यू झाला. केनरने आपला बेत रद्द केला आणि क्षेपणास्त्र पक्के बसविलेली मूर्ती मुलांना पाठविली. मागे राहिले ते कंपनीतील थोडे नमुने. त्यांपैकी हाताने रंगविलेला एक नमुना २०२४ साली अमेरिकेतील लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरांना गेला. परंतु ते खेळणे कधी दुकानात आलेच नव्हते. त्याच्या किमतीवरून घरातल्या किंवा बाजारातल्या बोबा फेटचे मोल काढणे म्हणजे कोहिनूर पाहून अंगठीतल्या खड्याची किंमत ठरविण्यासारखे आहे.

परदेशातून नग मागविणाऱ्याला आणखी दोन हिशेब करावे लागतात. एक सीमाशुल्काचा. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क भारत सरकारने २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेले. खरेदीपूर्वी चालू दर आणि नियम विचारून घेतले नाहीत तर स्वस्तात पडलेला नग दारात येईपर्यंत महाग होतो. दुसरा हिशेब वाहतुकीचा. ॲक्रिलिकची पेटी जड असते आणि आतील पुठ्ठा हलका. वाटेत आदळआपट झाली तर पेटीला ओरखडाही न येता आतला जुना गोंद सुटून फुगवटा पुठ्ठ्यापासून अलग होऊ शकतो. आणि मग अंक तसाच राहून त्याचा आधार नाहीसा होतो. म्हणून पेटीभोवती मऊ भरण आणि बाहेर दुहेरी खोका हवा, ही अट आधीच घालावी आणि विमा उतरवून घ्यावा.

नग घरी आल्यावर काळजी आपली. पेटी म्हणजे हवाबंद किल्ला नव्हे. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे कागद आणि प्लॅस्टिक यांचे शत्रू, आणि मुंबईच्या, कोकणाच्या, गोव्याच्या पावसाळ्यात त्यांपैकी शेवटचा घरात वस्तीलाच असतो. पुठ्ठा दमटपणाने वाकतो आणि त्यावर बुरशीचे ठिपके धरतात. खिडकीसमोरची जागा टाळावी, बाहेरच्या भिंतीला पेटी टेकवू नये, कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. पेटी सरळ उभी ठेवावी. पालथी ठेवल्यास मूर्तीचा भार फुगवट्यावर येतो.

या दूरच्या बाजाराशी गोव्याचाही एक धागा जुळलेला आहे. १९८७ साली स्थापन झालेल्या फनस्कूल या भारतीय कंपनीने हॅस्ब्रोच्या सहकार्याने आपल्या गोव्यातील कारखान्यात ‘जी. आय. जो’च्या मूर्ती काढल्या. १९८० च्या दशकापर्यंत तो सैनिकही तीस सेंटिमीटरवरून ‘स्टार वॉर्स’च्या मूर्तींएवढा लहान झालेला होता. अमेरिकेत वापरून झालेल्या साच्यांतून भारतात ओतलेल्या या मूर्तींचे रंग मूळ मूर्तींहून निराळे, क्वचित चमत्कारिक असत. ज्या मुलांनी त्या येथे विकत घेतल्या त्यांना त्या अस्सलच वाटल्या. पुढे अमेरिकन संग्राहकांना नेमके हे निराळेपणच आवडले आणि भारतात पुठ्ठ्यावर पडून राहिलेले नग तिकडे जाऊ लागले. तेव्हा नवशिक्याने परदेशी लिलाव धुंडाळण्यापूर्वी गावातल्या जुन्या खेळण्यांच्या दुकानाची माडी एकवार पाहून यावी, यात शहाणपणच आहे. तेथे ना मोहर असेल ना अंक. पण पुठ्ठा हातात घेऊन, उलटून, उजेडात धरून पाहण्याची जी संधी तेथे मिळेल ती कोणत्याही छायाचित्रात मिळणार नाही, आणि डोळा तयार होतो तो अशाच हाताळणीने.

केनर कंपनी आज स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही. १९९१ साली ती हॅस्ब्रोच्या हाती गेली. पण १९७७ च्या नाताळात तिने विकलेली ती रिकामी पाकिटे आज स्वतःच संग्रहाची वस्तू झाली आहेत. त्या वेळी आईबापांनी एका कागदावर विश्वास ठेवून पैसे दिले आणि तो कागद खरा ठरला, कारण कंपनीने काय देऊ ते त्यावर स्वच्छ लिहिले होते. प्रतवारीचे लेबल हाही एक कागदच आहे. त्याने दिलेले वचन मर्यादित आहे : हा नग आम्हांस खरा वाटला, आणि तपासणीच्या दिवशी तो अमुक स्थितीत होता. किमतीचे, नफ्याचे किंवा समाधानाचे वचन त्यावर कोणीही दिलेले नाही. जो नवशिका लेबलावर लिहिले आहे तेवढेच वाचतो आणि उरलेला निर्णय आपल्या डोळ्यांवर सोपवितो, त्याला या बाजारात पस्तावण्याचे प्रसंग थोडे येतील. आणि फळीवर उभ्या असलेल्या त्या लहानशा मूर्तीकडे पाहताना त्याला आकडा आठवणार नाही, चित्रपटगृहातला तो अंधार आठवेल.